गेलेला हात आणि तीन इनिंगची वाटणी : सॅचेल पेज, हिल्टन स्मिथ आणि कॅन्सस सिटी मोनार्क्स

१९३८च्या हंगामात मेक्सिकोत खेळताना सॅचेल पेजचा उजवा हात गेला. आधी पोट बिघडलं, अशक्तपणा आला, तरी तो चेंडू टाकत राहिला. मग खांदा ठणकायला लागला आणि शेवटी हात खांद्याच्या वर नेववेना. वय बत्तीस. तोवर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बेसबॉलमधला सगळ्यात जास्त गर्दी खेचणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, तोच होता. परत आल्यावर डॉक्टरांनी हा हात आता पुन्हा चालायचा नाही असं सांगितलं, असं तो स्वतः पुढे सांगत असे.

दहा वर्षांनी, ९ जुलै १९४८ रोजी, तोच हात क्लीव्हलंड इंडियन्सकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमध्ये, उतरला. हे घडलं कसं, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे या प्रकरणात पाहायचं आहे. पेजच्या आयुष्यातल्या इतर दंतकथा इथे बाजूला ठेवल्या आहेत. प्रश्न एका खांद्याचा आहे, आणि तो खांदा कोणत्या व्यवस्थेत राबत होता त्याचा.

आधी खांद्याविषयी

क्रिकेट पाहणाऱ्याला गोलंदाजाचा हात माहीत असतो, पिचरचा नाही. गोलंदाजाला धावत येता येतं आणि चेंडू सोडताना वाकलेलं कोपर झटक्याने सरळ करता येत नाही. वेगाचा काही भाग पळण्यातूनच येतो. पिचर उभ्या जागेवरून टाकतो. समोरची होम प्लेट, म्हणजे फलंदाजाजवळची पाटी, ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे साधारण १८.४४ मीटरवर, चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा. धावत येणं नाही म्हटल्यावर सगळा जोर मागच्या पायातून उठतो, कमरेच्या पिळातून वर चढतो आणि खांद्यावर येऊन पोचतो. कोपर वाकलेलं, पंजा मागे झुकत जवळजवळ आडवा होतो आणि मग चाबकासारखा पुढे येतो.

खांदा दुखावतो तो दोन ठिकाणी: हात मागे पूर्ण ताणला जातो तेव्हा, आणि चेंडू सुटल्यावर त्या हाताला थांबवावं लागतं तेव्हा. दुसरी जागा लोकांच्या लक्षात येत नाही. सुटलेल्या हाताला लगाम घालायचं काम खांद्याच्या मागच्या लहान स्नायूंकडे असतं आणि ते लवकर थकतात. पाय थकले की त्यांच्या वाट्याचा जोरही पिचर खांद्यातूनच काढतो. चेंडू तेवढाच वेगात जातो, म्हणून बाहेरून काही कळत नाही. आत मात्र रोज थोडं थोडं फाटत असतं.

त्या काळी एक्स-रे होता, पण त्यात दिसायचं ते हाड. स्नायू, अस्थिबंध दिसत नसत. कोपराचा अस्थिबंध बदलायची शस्त्रक्रिया पिचरवर पहिल्यांदा झाली ती १९७४मध्ये, टॉमी जॉनवर. १९३८मध्ये हात गेला म्हणजे उपाय तीनच: शेक, मालिश, विश्रांती. पहिले दोन पैशाने मिळत. तिसरा कृष्णवर्णीय पिचरला पैशानेही मिळत नसे.

विश्रांती का मिळत नसे

मेजर लीगच्या गोऱ्या पिचरचं वेळापत्रक ठरलेलं होतं. एप्रिल ते सप्टेंबर, १५४ सामन्यांचा हंगाम, साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी एक सामना, आणि बहुतेकांना हिवाळ्यात सुट्टी. मोठा पगार, रेल्वेचा झोपायची सोय असलेला पुलमन डबा, हॉटेल, मैदानावर गरम पाण्याची सोय.

कृष्णवर्णीयांना मेजर लीग बंद होती. लेखी नियम कुठेच नव्हता. १८८०च्या दशकाच्या अखेरीपासून क्लब-मालकांनी आपसात पाळलेला तो अलिखित करार होता. म्हणून फेब्रुवारी १९२०मध्ये रूब फॉस्टर या एकेकाळच्या नामांकित पिचरच्या पुढाकाराने कॅन्सस सिटीच्या वायएमसीएत निग्रो नॅशनल लीग उभी राहिली. पण स्वतःची मैदानं असलेले क्लब फार थोडे. मोठ्या शहरांत गोऱ्या क्लबचं मैदान भाड्याने घ्यायचं, तेही त्यांचा संघ बाहेरगावी असेल त्या तारखांना. भाडं वेगळं, आणि सामना ठरवून देणाऱ्या मध्यस्थाचा हिस्सा वेगळा.

गिरणी-कारखान्यांतला प्रेक्षक मोकळा असे तो रविवारी. त्यामुळे लीगचे खरे कमाईचे सामने रविवारचे, बहुतेक वेळा एका तिकिटात दोन. उरलेले सहा दिवस संघ बसमध्ये घालून गावोगाव फिरवायचा आणि तिथल्या स्थानिक संघांशी खेळायचं. संघात माणसं पंधरा-सोळा, त्यांत पिचर चार-पाच. ज्या दिवशी पिचरने टाकायचं नाही त्या दिवशी तो आउटफिल्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागात, उभा. ऑक्टोबर लागला की कॅलिफोर्निया, क्युबा, प्वेर्तो रिको. खांद्याला महिनाभर गप्प बसायला मिळेल अशी जागा वर्षात कुठेच नव्हती.

त्यात प्रवास. दक्षिणेत हॉटेल नाही, म्हणून बसमध्येच झोप. खानावळीत बसायला मिळत नसे, मागच्या खिडकीतून पुडकं मिळालं तर मिळालं. काही मैदानांवर खेळायला परवानगी, पण कपडे बदलायच्या खोलीला आणि न्हाणीला कुलूप. हे अपमान म्हणून नेहमी सांगितलं जातं आणि ते आहेच. पण पिचरच्या बाबतीत ते शरीरशास्त्रही आहे. नऊ इनिंग (बेसबॉलचा पूर्ण सामना) म्हणजे शंभर-सव्वाशे चेंडू टाकून घामेजलेला माणूस शेक न घेता, अंग न पुसता बसच्या बाकावर आखडून रात्रभर बसतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा माउंडवर, चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, चढतो. सुजलेला स्नायू असा कसा बरा व्हायचा?

पेजच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. त्याच्या नावावर तिकीट खपायचं, म्हणून मालक त्याला इतर संघांनाही भाड्याने द्यायचे आणि तोही गेटच्या कमाईतला टक्का घेऊन जायचा. १९३५मध्ये तो नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्कच्या संघाकडून खेळला. गोरे आणि काळे एकत्र असलेला तो संघ. त्या वर्षी विचिटातल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने चार सामने जिंकून दिले आणि साठ स्ट्राइकआउट घेतले, म्हणजे साठ फलंदाज तीन-तीन स्ट्राइकवर बाद केले. १९३७मध्ये पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स सोडून तो डॉमिनिकन प्रजासत्ताकात गेला, हुकूमशहा त्रुहियोच्या नावाच्या शहराच्या संघाकडून खेळायला. जोश गिब्सन आणि कूल पापा बेल हे कृष्णवर्णीय बेसबॉलमधले नावाजलेले खेळाडूही तिथेच होते. करार मोडणारा म्हणून मालकांनी त्याच्यावर डूख धरला. पण जिथे करार पाळून भविष्याची हमी मिळत नव्हती, तिथे मिळेल तिथे हात विकणं हाच शहाणपणा होता. या मुद्द्यावर आम्ही पेजच्या बाजूने आहोत.

दोन हातांचे दोन भाव

१९३८च्या वसंतातले दोन व्यवहार शेजारी ठेवले की सगळं कळतं.

सेंट लुइस कार्डिनल्सचा डिझी डीन हा गोरा पिचर, १९३४मध्ये ३० सामने जिंकलेला. १९३७च्या ऑल-स्टार (निवडक नामवंतांच्या) सामन्यात चेंडू लागून त्याच्या पायाचा अंगठा मोडला. तो बरा व्हायच्या आत डीन परत टाकायला लागला. पाय वाचवायला टाकण्याची ढब बदलली आणि खांदा घालवून बसला. हात बिघडल्याचं उघड दिसत असतानाही एप्रिल १९३८मध्ये शिकागो कब्जने त्याच्यासाठी १,८५,००० डॉलर आणि वर तीन खेळाडू मोजले.

त्याच वर्षी क्रॉफर्ड्सचा मालक गस ग्रीनली याने पेजला नेवार्क ईगल्सला विकलं. पेजचा हात तेव्हा धडधाकट होता. किंमत ५,००० डॉलर. पेज नेवार्कला गेलाच नाही, मेक्सिकोला गेला.

दोघे १९३४पासून एकमेकांविरुद्ध प्रदर्शनी सामने खेळत आलेले. डीनने पेजच्या गुणवत्तेचं जाहीर कौतुक केलेलं. मे १९४२मध्ये शिकागोच्या रिग्ली फील्डवर पेजचा नवा संघ कॅन्सस सिटी मोनार्क्स विरुद्ध डीनचा संघ असा सामना झाला आणि २९,७७५ लोक आले. डीनचा हात तोवर संपलेला होता. पेजचा परत आलेला होता.

विल्किन्सनचा सौदा

मेक्सिकोहून परतलेल्या पेजला कोणी विचारेना. निग्रो लीगच्या मालकांना हा माणूस पळपुटा वाटत होता, आणि आता तर मालही खराब. त्याला घेतलं कॅन्सस सिटी मोनार्क्सचा मालक जे. एल. विल्किन्सन याने. विल्किन्सन गोरा होता, आणि धंद्याचा पक्का. याच माणसाने १९३०मध्ये ट्रकवरचे वर सरकणारे खांब आणि जनरेटर असे फिरते दिवे तयार करून घेतले आणि मेजर लीगच्या पाच वर्षं आधी रात्रीचं बेसबॉल गावोगाव नेलं.

पेजबाबत त्याचा हिशेब असा होता: हात गेला तरी नाव शिल्लक आहे. त्याने पेजला मुख्य संघात न घेता दुसऱ्या, फिरत्या संघात टाकलं आणि त्या संघाला पेजचंच नाव दिलं. हा संघ वायव्येकडची राज्यं, कॅनडाचा पश्चिम भाग अशा ठिकाणी जायचा, जिथे लोकांनी पेजचं नाव ऐकलेलं होतं पण त्याला पाहिलेलं नव्हतं. पेजने पहिल्या बेसवर (फलंदाज धावत गाठतो त्या पहिल्या टप्प्यावर) उभं राहायचं, एखाद-दुसरी इनिंग हलक्या हाताने टाकायची, लोकांशी बोलायचं.

संघाबरोबर मोनार्क्सचा मालिशवाला फ्रँक फ्लॉइड दिला होता. त्याचे उपाय साधे होते: गरम पाणी, गार पाणी, पुन्हा गरम, मग मलम चोळत खांद्यापासून मनगटापर्यंत मालिश. गरम पाण्याने रक्त धावतं, गार पाण्याने सूज उतरते. यात चमत्कार काही नाही. नवीन होतं ते सातत्य: रोज, महिनोन् महिने, तोच माणूस तोच हात हाताळत होता. कुठे कडक लागतंय, काल कुठे दुखत होतं, हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं.

पेज स्वतः सांगायचा की एके दिवशी अचानक दुखणं गेलं. गोष्ट म्हणून ते छान वाटतं. पण १९३९चा दौरा पाहिला तर दिसतं ते वेगळं: आधी नुसतं अलगद फेकणं, मग एक इनिंग, मग दोन, आणि समोर खालच्या दर्जाचे फलंदाज, म्हणजे जोर लावायची गरज नाही. आजचा फिजिओथेरपिस्ट दुखावलेल्या पिचरला हेच करायला लावतो, टप्प्याटप्प्याने भार वाढवत. विल्किन्सनने ते वैद्यकीय सल्ल्याने केलं नव्हतं, तिकिटं खपवायला केलं होतं. गेटच्या ज्या हिशेबाने हा खांदा झिजवला, त्याच हिशेबाने चुकून त्याला वर्षभराची विश्रांती दिली. हा या प्रकरणाचा गाभा आहे असं आम्हाला वाटतं.

हात परतल्याचा पुरावा हिवाळ्यात मिळाला. १९३९-४०मध्ये प्वेर्तो रिकोच्या ग्वायामा संघाकडून पेजने १९ सामने जिंकले, ३ हरले आणि २०८ स्ट्राइकआउट घेतले. १९४०च्या हंगामाच्या शेवटी तो मोनार्क्सच्या मुख्य संघात आला.

परत आलेला हात वेगळा होता

१९३८ आधीचा पेज म्हणजे जवळजवळ एकच चेंडू: वेगवान, गुडघ्याच्या उंचीवर, हवा तिथे. माउंट मेग्सच्या सुधारशाळेत, जिथे तो बारा वर्षांचा असताना पाठवला गेला, तिथले प्रशिक्षक एडवर्ड बर्ड यांनी त्याला डावा पाय उंच उचलायला आणि चेंडू अगदी शेवटच्या क्षणाला सोडायला शिकवलं होतं. सहा फुटांहून उंच, हात लांब. पाय उठला की फलंदाजाला काही क्षण चेंडूच दिसत नसे.

दुखण्यानंतर त्याने कर्व्ह, म्हणजे हवेत वळणारा चेंडू, मनापासून शिकून घेतला, हात कधी वरून, कधी बाजूने, कधी खालून आणायला सुरुवात केली. कोन बदलला की दर चेंडूला त्याच तंतूंवर ताण येत नाही. फलंदाज गोंधळतो तो फायदा वेगळाच.

त्याचा थबकता चेंडू जवळून पाहण्यासारखा आहे. फलंदाज आपली वेळ पिचरच्या पुढच्या पायावरून ठरवतो: पाय टेकला की लगेच चेंडू येणार. पेज डावा पाय पूर्ण टेकवायचा, वजन पुढे यायचं, आणि हात मागेच राहायचा. क्षणभर काहीच नाही. तेवढ्यात फलंदाजाची बॅट निघालेली असे. मग चेंडू यायचा. यात अवघड काय, तर पाय टेकल्यावर थांबलं की खालून आलेला जोर वाया जातो. तो पुन्हा मनगटातून आणि बोटांतून काढावा लागतो. लांब बोटं आणि अचूक मनगट असल्याशिवाय हे जमत नाही. १९४८मध्ये अमेरिकन लीगचे (मेजर लीगमधल्या दोन लीगपैकी एक) अध्यक्ष विल हॅरिज यांनी हा चेंडू बेकायदा ठरवला.

तीन इनिंग कोणी टाकायच्या, सहा कोणी

हात परत आला, पण पूर्वीसारखा रोज नऊ इनिंगचा भार त्याच्यावर टाकायचा नाही, हे मोनार्क्सना कळलं होतं. तिकडे प्रत्येक गावाला पेज हवा होता. यावर तोडगा निघाला तो असा. पोस्टरवर पेजचं नाव. सामन्याची सुरुवात पेजने करायची, कारण लोक पहिल्या चेंडूपासून त्यालाच पाहायला आलेले असत आणि पावसाने खेळ थांबला तरी पैसे वसूल. तीन इनिंग, म्हणजे साधारण पंचेचाळीस-पन्नास चेंडू, टाकून तो उतरायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा तीन. पंचेचाळीस चेंडूंनंतर खांदा दीड-दोन दिवसांत सावरतो, सव्वाशेनंतर नाही.

उरलेल्या सहा इनिंग हिल्टन स्मिथच्या.

टेक्ससच्या गिडिंग्जमधला हा उजव्या हाताचा पिचर १९३६पासून मोनार्क्समध्ये होता. मे १९३७मध्ये त्याने शिकागो अमेरिकन जायंट्सविरुद्ध एकही हिट न देता, म्हणजे कोणालाही फटका मारून बेस गाठू न देता, सामना काढला. १९३७ ते १९४२ सलग सहा वर्षं तो ईस्ट-वेस्ट ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला. त्याचा कर्व्ह कृष्णवर्णीय बेसबॉलमधला सर्वोत्तम मानला जायचा, आणि तो दोन प्रकारे टाकायचा: वरून मोठा वळणारा, बाजूने लहान आणि झटकन मुरडणारा. टाकायचं नसेल त्या दिवशी आउटफिल्ड किंवा पहिला बेस, कारण फलंदाजीही चांगली.

लोक त्याला सॅचेलचा बदली म्हणायचे. खरं तर सामन्याचा दोन तृतीयांश भाग त्याच्या हातातून जात होता. प्रेक्षक पेजला पाहून समाधानी झालेले, वार्ताहराने ओळी लिहून टाकलेल्या, आणि समोरचे फलंदाज आता एकदा माउंड पाहून सरावलेले. अशा वेळी स्मिथ चढायचा. पेजचा खांदा पन्नाशीपुढेही टिकला, तो आधी फ्लॉइडच्या बोटांमुळे आणि नंतर स्मिथच्या खांद्यामुळे. याबद्दल स्मिथने आयुष्यभर कटुता बाळगली असती तरी चूक म्हणता आली नसती.

१९४२च्या निग्रो वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे दोन कृष्णवर्णीय लीगच्या विजेत्यांच्या मालिकेत, ही पद्धत कशी वापरली ते दिसतं. मोनार्क्सनी होमस्टेड ग्रेज संघाला चार सामन्यांत सलग हरवलं आणि चारही सामन्यांत पेज माउंडवर आला. पहिल्या सामन्यात, वॉशिंग्टनला, सुरुवात पेजने केली आणि पुढे जॅक मॅचेट आला. दुसऱ्यात, पिट्सबर्गला, सुरुवात स्मिथची आणि शेवट पेजचा. याच सामन्यात त्याने तिन्ही बेस भरलेले असताना जोश गिब्सनला स्ट्राइकआउट केलं. तिसरा न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर, पेज दोन इनिंग, बाकी मॅचेट. शेवटचा फिलाडेल्फियाला; पेज उशिरा पोचला, चौथ्या इनिंगमध्ये आला आणि सामना काढला. संघ कॅन्सस सिटीचा, मालिका जिंकली ते चारही सामने पूर्वेकडच्या गोऱ्या क्लबांच्या मैदानांवर. ज्या ठिकाणी तिकीट खपतं तिथे सामना.

आकड्यांची अडचण

२०२०मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातल्या निग्रो लीगना मेजर दर्जा दिला आणि २०२४मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले. ते व्हायलाच हवं होतं. पण त्या नोंदीत फक्त लीगचे सामने येतात. सहा दिवस गावोगाव खेळलेले सामने, कॅरिबियन हिवाळे, १९३९चा पूर्ण दौरा त्यात नाही. म्हणजे पेजच्या खांद्याने केलेल्या कामाचा बहुतांश भागच नाही. शिवाय पाच इनिंग टाकल्याशिवाय सुरुवात करणाऱ्या पिचरच्या नावावर विजय लागत नाही, हा आजचा नियम लावला तर तीन इनिंगच्या पद्धतीत पेजचे विजय कमी दिसतात. नोंदवही उघडून दोघांची तुलना करणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं.

पुढे

७ जुलै १९४८ला, बेचाळिसाव्या वाढदिवशी, क्लीव्हलंडचा मालक बिल वेक याने पेजला संघात घेतलं. हा तमाशा आहे अशी टीका झाली. पेजने त्या अर्ध्या हंगामात ६ सामने जिंकले, १ हरला. २० ऑगस्टला क्लीव्हलंडमध्ये ७८,३८२ लोकांसमोर शिकागो व्हाइट सॉक्सला एकही धाव दिली नाही. १९५२ आणि १९५३मध्ये तो सेंट लुइस ब्राउन्सकडून ऑल-स्टार झाला. २५ सप्टेंबर १९६५ला, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, कॅन्सस सिटी अॅथलेटिक्सकडून बॉस्टनविरुद्ध शेवटचा मेजर लीग सामना खेळला: तीन इनिंग, एक हिट, शून्य धावा. १९७१मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलच्या सन्मान-दालनात, गेला.

हिल्टन स्मिथ १९४८पर्यंत मोनार्क्समध्ये राहिला. १९४७मध्ये मेजर लीगची वर्णबंदी मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनचं नाव १९४५मध्ये विल्किन्सनला सुचवणारा तोच. मेजर लीगमध्ये तो एकही चेंडू टाकू शकला नाही. दारं उघडली तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. पुढे कॅन्सस सिटीतल्या पोलाद कारखान्यात नोकरी केली आणि नंतर शिकागो कब्जसाठी होतकरू खेळाडू शोधण्याचं काम. नोव्हेंबर १९८३मध्ये तो वारला. हॉल ऑफ फेमने त्याची निवड केली २००१मध्ये.